फोन बदलू की बॅटरी?

गेल्या महिन्यातली, २३ सप्टेंबरची गोष्ट. आमच्याकडे पावसानं कहर केला होता. नदीकाठच्या एका गावात गुडघाभर चिखलात उभा राहून मी एका शेतकऱ्याचं बोलणं रेकॉर्ड करत होतो. पाच एकर सोयाबीन पाण्याखाली, विहीर गाळानं भरलेली, एक गाय वाहून गेलेली. माणूस आधी बोलायलाच तयार नव्हता. मग बोलायला लागला आणि बोलता बोलता रडायला लागला. मी फोन स्थिर धरून उभा.

त्याचं बोलून झाल्यावर खाली पाहिलं तर स्क्रीन काळी. ३८ टक्के चार्जिंग होतं आणि फोन बंद पडलेला. काहीच रेकॉर्ड झालेलं नाही.

"आलं का साहेब?" त्यानं विचारलं.

काय सांगणार? त्याला म्हणालो, दादा, परत सांगावं लागेल. वीस-बावीस वर्षांत इतकी लाज कधी वाटली नव्हती. एखाद्याचं दुःख दोनदा मागायचं आणि तेही आपली बॅटरी गेली म्हणून.

त्या रात्री घरी आलो आणि ठरवून टाकलं, आता फोन बदलायचा. बदलायचा तर चांगलाच घ्यायचा.

मुहूर्तही तसाच होता. ९ सप्टेंबरला ॲपलनं आयफोन १७ जाहीर केला होता आणि १९ तारखेपासून विक्री सुरू झाली होती. मुंबईत बीकेसीच्या दुकानाबाहेर पहाटेपासून रांगा, रांगेत धक्काबुक्की, सगळं आपण टीव्हीवर पाहिलंच. आमच्या पत्रकारांच्या ग्रुपवरही तेच चाललेलं. कुणी म्हणे ४८ मेगापिक्सेल, कुणी म्हणे अंधारातला व्हिडिओ बघा. एकानं लिहिलं, "आता मोबाईलवरच चॅनेल चालतंय, हत्यार चांगलं पाहिजे." बोलणं खोटं नाही. मी २००४ ला पत्रकारितेची पदविका घेतली तेव्हा फोटोचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात देऊन जिल्ह्याला पाठवायचो. आज बातमी, फोटो, व्हिडिओ, जाहिरातीचं बिल, सगळं या एका वस्तूत आहे. ती बंद पडली की माझं दुकान बंद.

म्हणून आधीच सांगतो, नवा फोन घेणाऱ्यांची टिंगल करायला ही पोस्ट नाही. तो फोन चांगलाच आहे. मीही हप्त्याचा फॉर्म अर्धा भरला होता.

उरलेला अर्धा भरताना कागद-पेन घेतलं.

२०२५ मध्ये आयफोन १७ ची सुरुवातीची किंमत होती ८२,९०० रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी धरून साडेबारा हजारांहून जास्त रुपये नुसता कर. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला म्हणून ढोल वाजले, एसी स्वस्त झाले, मोठे टीव्ही स्वस्त झाले. मोबाईल होता तिथंच, १८ टक्क्यांवर.

आता तेच पैसे आमच्या भागाच्या हिशोबात बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एक फोन साधारण साडेपंधरा क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर. गेल्या हंगामात बाजारात माल हमीभावाच्या खालीच विकला गेला, हे या पोस्टखाली येणाऱ्या निम्म्या लोकांना स्वतःच्या पट्टीवरून माहीत आहे.

मग तो 'नो कॉस्ट ईएमआय'. दुकानदार म्हणतो व्याज शून्य. अहो, शून्य व्याजानं पैसे कोण देतं? बँक व्याज लावतेच. तेवढ्याच रकमेची सूट कंपनी किंवा दुकानदार आधी देतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बऱ्याचदा हप्तेवाल्याला मिळत नाही, ते वेगळंच. शून्य टक्के व्याज ही दिशाभूल आहे म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना त्याला मनाई केली होती. पाटी बदलली, धंदा चालू राहिला. आणि याच सप्टेंबरमध्ये बातम्या होत्या की हप्ता थकला तर फोन दुरूनच लॉक करायची मुभा कर्ज देणाऱ्यांना द्यावी का, याचा विचार चाललाय. म्हणजे हप्ता चुकला की फोन आपल्या हातात आणि कुलूप त्यांच्या.

चोवीस हप्ते केले तरी महिन्याला साधारण साडेतीन हजार. तालुका प्रतिनिधीचं मानधन किती असतं ते इथं लिहीत नाही, पेपरची अब्रू जाईल. बायकोनं हिशोबाचा कागद बघितला आणि एकच विचारलं, "नवा फोन घेतला तर पेपर जास्त पैसे देणार का?"

फॉर्म बंद केला.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं फोन हातात घेतला, मागचं झाकण दाबून बघितलं. म्हणाला, "पत्रकार साहेब, फोनला काही झालेलं नाही. बॅटरी फुगलीय. चार वर्षं झाली, अजून काय पाहिजे तिच्याकडून?" ओरिजिनल बॅटरी माझ्याकडे मिळणार नाही, सर्व्हिस सेंटरला जा, असंही त्यानेच सांगितलं. प्रामाणिक माणूस.

सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी, ६५ किलोमीटर. एक दिवस मोडून गेलो. काउंटरवरच्या पोरानं मॉडेल बघितलं आणि म्हणाला, "सर, या मॉडेलचा पार्ट येत नाही आता. नवीन घेऊन टाका ना, एक्स्चेंजमध्ये याचे १,८०० लावू." सतरा हजारांचा फोन. कॅमेरा चालू, स्क्रीनवर ओरखडा नाही. एका बॅटरीपायी तो भंगारात निघाला.

परत आलो. बसस्टँडवाल्यानं ११०० रुपयांत बाहेरची बॅटरी बसवली. गॅरंटी तीन महिने, तोंडी.

मला वाटतं खरा प्रश्न इथं आहे. नवा फोन किती चांगला, हे सांगायला कंपन्यांकडे मोठमोठे स्टेज आहेत. जुना का मरतो, हे कोण सांगणार?

बॅटरीची बाब साधी आहे. लिथियमची बॅटरी चार्ज-डिस्चार्ज होत होत थकतेच, तिचा तो स्वभाव आहे. थकली की जास्त काम पडताच दम तोडते, म्हणून ३८ टक्क्यांवरही फोन बंद पडतो. ती झिजणारी वस्तू आहे, सायकलच्या टायरसारखी. टायर गेला म्हणून कोणी सायकल विकतं का?

याचा एक पुरावा खुद्द ॲपलच्या इतिहासात आहे. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीनं मान्य केलं की बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं. पण ग्राहकांना ते नीट सांगितलं नव्हतं. ओरड झाली, कंपनीनं माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. २०२० मध्ये फ्रान्सनं अडीच कोटी युरोंचा दंडही केला. पुढची गंमत बघा. जानेवारी २०१९ मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्री अपेक्षेपेक्षा कमी का झाली याची कारणं दिली. चीनमधली मंदी हे मुख्य कारण होतं, पण यादीत हेही होतं की काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली. म्हणजे बॅटरी बदलली की लोक नवा फोन घेत नाहीत. हे मी नाही म्हणत, मालकच म्हणाले.

दुसरी बाब सॉफ्टवेअरची. माझ्या फोनला सुरक्षेचे अपडेट या वर्षीपासून बंद झाले. हे मात्र बॅटरीसारखं झटकून टाकता येत नाही, कारण फोनमध्ये बँक आहे. गूगल आणि सॅमसंग आता आपल्या महागड्या फोनना सात-सात वर्षं अपडेट देतात. स्वस्त फोनला बऱ्याचदा त्याच्या निम्मीही वर्षं मिळत नाहीत. म्हणजे ज्याला फोन बदलणं परवडतं त्याचा जास्त टिकणार, ज्याला परवडत नाही त्याचा लवकर मरणार.

आणि फोन आता हौसेची वस्तू राहिली आहे का? ई-पीक पाहणी मोबाईल ॲपवर, शेताच्या बांधावर उभं राहून फोटो काढून. लाडक्या बहिणीची ई-केवायसी ओटीपीवर. पोराचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर. सरकारनंच सात-बाऱ्यापासून सगळं फोनमध्ये घातलं. मग तो फोन किती वर्षं चालायला हवा, याची जबाबदारी कोणाचीच नाही असं कसं?

युरोपनं ती कंपन्यांवर टाकली आहे. २० जून २०२५ पासून तिथं विक्रीला येणाऱ्या नव्या स्मार्टफोनसाठी नियम आहे. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत, ८०० वेळा चार्ज करूनही बॅटरीत ८० टक्के दम राहिला पाहिजे. दुरुस्ती किती सोपी आहे याचा दर्जा लेबलवर छापायचा, फ्रिजवर तारे असतात तसा. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक मंत्रालयानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, आणि दुरुस्तीचा दर्जा सांगणाऱ्या निर्देशांकावर नेमलेल्या समितीनं २०२५ मध्ये अहवालही दिला. चांगलं आहे. पण काउंटरवरचा पोरगा "पार्ट येत नाही" म्हणाला, तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला माझ्याकडे पोर्टलचा पत्ता होता. कायदा नव्हता.

खोक्यावर एमआरपी छापतात, तसंच "सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत" आणि "बॅटरी बदलण्याचा खर्च अमुक रुपये" एवढ्या दोन ओळी छापायला काय अडचण आहे? औषधाच्या पाकिटावर मुदत असते. फोनवर का नको?

राहिला माझा निर्णय. यंदा नवा फोन घेत नाही. बँकेचं मुख्य खातं या फोनवरून काढलं, यूपीआयला दुसरं छोटं खातं जोडलं, त्यात हजार-दोन हजारच ठेवतो. पुढच्या वर्षी अपडेटपायी फोन बदलावाच लागेल, हे मला कळतं. तेव्हा कॅमेऱ्याआधी तीन गोष्टी विचारीन: अपडेट किती वर्षं, बॅटरी केवढ्याला आणि सर्व्हिस सेंटर किती लांब. ज्याचं पोट व्हिडिओवर आहे आणि पैसे रोख आहेत, त्यानं आयफोन खुशाल घ्यावा. ज्याच्या घरी दिवाळीत पोरगं हट्ट धरून बसलंय, त्यानं आधी जुन्या फोनचं झाकण दाबून बघावं.

त्या शेतकऱ्याचं राहिलंच. त्यानं परत सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या पुतण्याच्या फोनवर मी ते रेकॉर्ड केलं. काच तडकलेली, कव्हरला रबर बँड लावलेलं, कंपनीचं नाव घासून गेलेलं. त्यानं तिथूनच व्हॉट्सॲपवर मला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ चालला आणि दोन दिवसांनी तलाठी पंचनाम्याला गेला. चित्र किती मेगापिक्सेलचं आहे, हे कोणीच विचारलं नाही.

तुमचा फोन किती वर्षांचा आहे आणि याआधीचा नेमका कशामुळे सोडावा लागला, ते खाली लिहा. पार्ट मिळत नाही म्हणून सोडला असेल तर मॉडेल आणि गाव नक्की लिहा. यादी करतोय. ग्राहक मंचाकडे घेऊन जायची आहे.