पुस्तकाची किंमत सांगायला लाज कसली?

लेखकाने पुस्तक कसं छापावं, किंमत किती ठेवावी, विकावं कसं हे शिकवणाऱ्या पुस्तकांच्या याद्या हल्ली मराठीतही फिरतात. यादीत जोआना पेन असते, जेन फ्रीडमनचं 2018 सालचं 'द बिझनेस ऑफ बीइंग अ रायटर' असतं, आणि केव्हिन केलीचा 2008 मधला हजार सच्च्या चाहत्यांचा निबंध तर हमखास असतो. वाचावीत ही पुस्तकं. फ्रीडमनबाई हिशेबाला पक्क्या आहेत, लेखकाला उगाच ढगात नेत नाहीत. पण ज्या बाजाराबद्दल त्या बोलतात तिथला वाचक पुस्तक आवडलं तर खिशात हात घालतो. आमचा वाचक फोन हातात घेतो आणि म्हणतो, "भाई, पीडीएफ भेज दो ना."

तो वाचक वाईट नाही. त्याला ही सवय आपणच लावली आहे. आपण म्हणजे मराठीत लिहिणारे मुसलमान, आणि आपल्याला 'लिहिणं म्हणजे कौमची खिदमत' असं सांगत आलेले आपले बुजुर्ग. स्वतःच्या खिशातून छापायचं, प्रकाशन समारंभात शाल-श्रीफळ घ्यायचं, शंभर प्रती वाटायच्या आणि उरलेल्या पलंगाखाली सरकवायच्या, याला आपण साहित्यसेवा म्हणतो. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात 1990 साली झालं. तेव्हापासून अस्मितेवर, भाषेवर, प्रमाण मराठी आणि दखनीच्या नात्यावर आपण भरपूर बोललो, आणि ते बोलणं गरजेचंही होतं. रॉयल्टीवर मात्र मी ऐकलेल्या एकाही परिसंवादात कुणी तोंड उघडलेलं नाही. पैशाचं नाव काढलं की मंडपातले चेहरे असे होतात, जणू कुणी दस्तरखानावर चप्पल ठेवली.

या संकोचाचं मूळ मला मोहम्मद अली रोडच्या किताबांच्या दुकानांत दिसतं. तिथे कुरआन शरीफच्या प्रतीवर किंमत छापलेली नसते, 'हदिया' छापलेला असतो. (बिगर-मुस्लिम वाचकांसाठी: हदिया म्हणजे नजराणा, भेट. अल्लाहच्या कलामाची किंमत माणसाने करू नये, हा त्यामागचा अदब.) हा अदब मला मान्य आहे. पुढे तो दुआंच्या पुस्तिकांवर आला, मग सीरतच्या पुस्तकांवर, आणि सरकत सरकत आपल्या कथा-कवितांपर्यंत पोचला. माझा एक ज्येष्ठ मित्र आपल्या गझलसंग्रहाची किंमत विचारली की म्हणतो, "जो चाहे दे दो." लोक जो चाहे देतात. म्हणजे 'माशाल्लाह' देतात आणि पुस्तक घेऊन जातात. भाईसाब, तुमची गझल कितीही सुंदर असो, ती आसमानातून उतरलेली नाही. तुम्ही रात्री जागून लिहिली आहे, आणि जागरणाचा मेहनताना मागण्यात बेअदबी नाही.

दीनचा हवाला द्यायचाच असेल तर पुरा द्यावा. कुरआनातली सगळ्यात लांब आयत कोणत्या विषयावर आहे? सूरह अल-बकरहची 282वी आयत. ती मुदतीच्या देण्याघेण्याबद्दल आहे. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, ही हदीस तर आपण बिगारी कामगारांच्या संदर्भात दर दुसऱ्या तकरीरीत ऐकतो. लेखकाला घाम येत नाही असं कुणी ठरवलं? दहाव्या शतकातला बगदादचा इब्न अल-नदीम, ज्याच्या 'फिहरिस्त'मुळे अरबी ग्रंथांची केवढी तरी मोठी नोंद आपल्या हाती आली, तो वर्राक होता. म्हणजे हस्तलिखितांच्या नकला आणि पुस्तकांची विक्री हा त्याचा धंदा होता. किताब विकणाऱ्याने इल्मची अशी खिदमत केली आणि किताब विकली म्हणून त्याचा इल्म बाटला नाही.

आता कराराकडे येतो, कारण खरी लूट तिथे आहे. भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याचं 19वं कलम मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. वर सांगितलेल्या सगळ्या यादीपेक्षा ते दीड पान जास्त उपयोगाचं आहे. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं नसेल तर ते वैधच नाही. कोणत्या कृतीचे कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि मोबदला किती, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलं नसल्यास ते हक्क संपतात. म्हणजे तुमचं हस्तलिखित तीन वर्षं कपाटात ठेवून 'पुढच्या दिवाळीला काढू' म्हणणाऱ्या प्रकाशकाच्या हातात बहुतेक वेळा काहीच उरलेलं नसतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मला तर कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः वाचलं.

एका प्रकाशकाने मला कोटेशन दिलं होतं. टाइपसेटिंग, मुखपृष्ठ, छपाई यांच्या खाली एक ओळ होती: 'आयएसबीएन – 4,000 रुपये'. आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारची राजा राममोहन रॉय एजन्सी देते आणि त्याची फी शून्य आहे. लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "सर, ती प्रोसेसिंग आहे." मी पुस्तक दुसरीकडे छापलं. पण माझ्या ओळखीच्या तिघांनी त्याच्याकडे ते चार हजार भरलेत, आणि तिघेही शिक्षक आहेत.

अशा प्रकाशकाला मी प्रकाशक म्हणतच नाही. लेखकाकडून छपाईचे पैसे घेणारा मुद्रक असतो. मुद्रक असण्यात कमीपणा नाही, फक्त त्याने मग हक्क मागू नयेत. ज्याने पैसा लावला, धोका त्याचा आणि माल त्याचा. पैसा लेखकाचा आणि 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' हे कोणत्या शरीयतीत आणि कोणत्या कायद्यात बसतं? स्टॅन्ली अन्विन या इंग्रज प्रकाशकाने 1926 साली 'द ट्रूथ अबाउट पब्लिशिंग' लिहून प्रकाशनव्यवसायाची आतली गणितं उघड केली होती. एका प्रकाशकाने हे लिहावं, यात त्याची शान आहे. मराठीत असं पुस्तक कुणी लिहिलं तर मी दहा प्रती विकत घेईन. भेट मागणार नाही.

किंमतीचा हिशेब इथेच करून दाखवतो, कारण 'आपली कौम गरीब आहे, किंमत कमी ठेवा' हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. समजा, 300 प्रती काढायच्या आहेत. छपाई-बांधणी प्रतीमागे 90 रुपये, म्हणजे 27,000. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचे 13,000. एकूण 40,000, म्हणजे एक प्रत पडली सुमारे 133 रुपयांना. आता गरिबीवर दया करून किंमत ठेवली 150. दुकानदाराचं कमिशन 40 टक्के धरलं तर त्याला 60 गेले, हातात 90 आले. प्रत्येक प्रतीमागे 43 रुपये पदरचे घातले, आणि सगळं पुस्तक खपलं तरी नुकसानच होईल. किंमत 300 ठेवली तर दुकानातून 180 येतात, 47 उरतात. तीच प्रत थेट वाचकाला विकली तर टपालखर्च जाऊन 140 च्या आसपास उरतात. यातल्या 50 प्रती फुकट वाटल्या की 6,650 रुपयांचा माल गेला. हा हिशेब कळायला अमेरिकन पुस्तक लागत नाही, तिसरीच्या पोराला येतो.

राहिली कौमची गरिबी. तळोजा फेज वनमध्ये संध्याकाळी शोरमा आणि फालुद्याच्या दुकानांपुढची गर्दी बघा आणि मग मला 300 रुपयांची गरिबी सांगा. खरोखर ज्याच्याकडे पैसे नाहीत अशा विद्यार्थ्याला मी प्रत देतो, देणारही. पण तो अपवाद आहे आणि तो कुणाला लागू करायचा हे मी ठरवीन. दुबईहून सुट्टीवर आलेला माझा मावसभाऊ नाही.

गरीब समाज पुस्तकं विकत घेत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा 6 डिसेंबरला दादरला यावं. चैत्यभूमीच्या वाटेवर आणि शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. खेड्यापाड्यातून आलेली, रात्री उघड्यावर झोपणारी माणसं तिथे पुस्तकं विकत घेतात, वीस-तीस रुपयांची पुस्तिकाही आणि जाडजूड खंडही. लेखक स्वतः स्टॉलवर उभे असतात, किंमत मोठ्याने सांगतात. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये आणि लक्ष्मण मानेंचं 'उपरा' 1980 मध्ये 'ग्रंथाली'सारख्या वाचक चळवळीने काढलं हे खरं. पण आंबेडकरी लेखन टिकलं ते त्या स्टॉलांवरही, स्वतःच्या वाचकाच्या पैशावर. आपल्याकडे माहीमचा उरूस आहे, हाजी मलंगची जत्रा आहे, इज्तिमे आहेत. तिथे अत्तर, टोप्या, तस्बीह, उर्दूतली दुआंची किताबं मिळतात. मराठी मुसलमानाने लिहिलेली मराठी कादंबरी मी तिथे अजून पाहिलेली नाही. मांडायची म्हटली तर 'उरुसात कादंबरी?' म्हणून पहिला आक्षेप आपल्यातलाच कुणी घेईल.

याचा परिणाम फक्त लेखकाच्या खिशावर होत नाही. आपला विकत घेणारा वाचक नसला की आपण काय लिहायचं हे दुसरे ठरवतात. हमीद दलवाईंची 'इंधन' 1965 साली 'मौज'ने काढली. दलवाईंच्या मतांशी माझं भांडण आहे, पण 'इंधन' मोठी कादंबरी आहे, आणि मौजेने ती काढली हे मौजेचं श्रेय आहे. पुढे मात्र झालं असं की मुसलमान लेखक दारात आला की अनेक संपादकांना तीनच विषय दिसतात: तलाक, बुरखा, दंगल. मी मुंब्र्याहून तळोज्याला फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाच्या कर्जाची कथा पाठवली तर उत्तर येतं, 'यात मुस्लिम अनुभव कमी आहे'. ईएमआय भरताना मुसलमानाला वेगळा घाम येतो का? ज्याचे तीनशे वाचक पैसे मोजून पुस्तक घेतात, तो लेखक असल्या पत्राला दोन ओळींत उत्तर देऊ शकतो. ज्याचे तीनशे वाचक पीडीएफ मागतात, तो कथेत एक बुरखा घालून परत पाठवतो.

केलीच्या हजार चाहत्यांचं म्हणूनच मला हसू येत नाही. आपल्याला तीनशे पुरेत, पण ते विकत घेणारे हवेत आणि त्यांचे पत्ते लेखकाच्या वहीत हवेत, प्रकाशकाच्या नव्हे. टपालाची रजिस्टर्ड बुकपोस्ट सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांचा जीव वरखाली झाला. मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' आली आहे, तिचे दर 20 रुपयांपासून सुरू होतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. आपल्यातल्या किती नवोदितांनी तिथे अर्ज केला? मी विचारलेल्या अकरा जणांपैकी एकानेही नाही. सात जणांना योजनाच ठाऊक नव्हती. आपण तक्रार फार छान करतो, फॉर्म भरायचा म्हटलं की झोप येते.

तळोजा आणि पुस्तक हे दोन शब्द बातमीत एकत्र आलेले मी बघितले ते एप्रिल 2022 मध्ये. इथल्या तुरुंगाने गौतम नवलखा यांना पी. जी. वुडहाऊसचं पुस्तक सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं होतं आणि उच्च न्यायालयाने ते हास्यास्पद ठरवलं. तुरुंगाबाहेरच्या तळोज्यात वुडहाऊसला कुणी अडवत नाही, पण मराठी पुस्तकाचं दुकान मला अजून सापडलेलं नाही. त्यासाठी वाशी किंवा पनवेल गाठावं लागतं.

दुकान निघेल तेव्हा निघेल. तोवर एवढं करू. येत्या महिन्यात असरनंतर माझ्या घरी बसू. येताना आपापले करार आणा, प्रकाशकाचं नाव झाकून झेरॉक्स चालेल. 19वं कलम समोर ठेवून एकेक करार वाचू. ज्यांच्याकडे करारच नाही त्यांनीही यावं, त्यांचे हक्क बहुधा अजून त्यांच्याचकडे आहेत. चहा माझ्याकडून. माझं पुस्तक टेबलावर असेल, 300 रुपये.