झोपेची गोळी मागू नका, झोपेची वही आणा

"डॉक्टर, झोप येत नाही, गोळी लिहून द्या." केशोरीकडून येणारे बरेच रुग्ण एवढंच बोलतात आणि खिशातून अल्प्राझोलामची रिकामी स्ट्रिप काढतात. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून घेतलेली! हा प्रकार बंद व्हायला हवा.

ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये आहे. २०१४ पासून औषध दुकानदाराला तिच्या विक्रीची वेगळी नोंद करून ती ३ वर्षं जपावी लागते. उगाच नाही. तिची सवय लागते, म्हातारी माणसं रात्री उठताना पडतात, आणि वर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

शिवाय झोप न येण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं. रात्रीची लाइन म्हणून धानाला पाणी द्यायला मोटर सुरू करायला जाणारा, रानडुकरांसाठी जागलीला बसणारा शेतकरी, यांना निद्रानाश नाही. त्यांना झोपायला वेळच मिळत नाही. गालात खर्रा धरून अंथरुणावर पडणाऱ्याला निकोटिन जागं ठेवतं. कुणी बीपीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतो आणि रात्रभर उठतो. कुणाला पहाटे तीनला जाग येते, मन उदास असतं. घोरणाऱ्याचा श्वास झोपेत अडकत असेल, तर हीच गोळी घातक ठरू शकते. या सगळ्यांना एकच औषध कसं द्यायचं?

म्हणून येण्याआधी दोन आठवडे पोराच्या जुन्या वहीत रोज सकाळी लिहा: किती वाजता पडलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठलात, दुपारी झोपलात का, चहा, खर्रा, दारू कधी घेतली. रात्री घड्याळ बघत बसू नका, अंदाज पुरे. घरच्या माणसाला सोबत आणा. घोरता का, हे तुम्हालाच विचारून काय उपयोग? चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, वैदूची पुडीसुद्धा.

दोन मिनिटांत गोळी लिहून मोकळे होणारे डॉक्टरही आहेत. त्यांच्यापुढे वही ठेवा आणि विचारा, "गोळी कशासाठी, किती दिवस?"

गोळी रोज चालू असेल तर अचानक सोडू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. आणि झोपेत श्वास थांबत असेल, गाडी चालवताना डुलकी लागत असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर वही राहू द्या. आजच या.