चार दिवसांची शाळा : मुलांची सुट्टी, पण भार कुणावर?

शाळा आठवड्यातून चारच दिवस असावी का, हा प्रश्न आपल्या घरांत आला तो आखातातून. रत्नागिरी, रायगडच्या ज्या कुटुंबातली माणसं शारजाहला राहतात, त्यांना यात नवल वाटत नाही. जानेवारी 2022 पासून तिथल्या शाळा सोमवार ते गुरुवार भरतात. शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी. उन्हाळ्यात गावी आलेली मुलं हे सांगतात आणि इथली मुलं आईबापांना विचारतात, "मग आमची शाळा सहा दिवस कशाला?" काही पालकांनाही ही कल्पना आवडते. जुम्याचा पूर्ण दिवस मिळेल, मुलांना दीनी तालीम नीट देता येईल, दप्तराचं ओझं कमी होईल, असं त्यांचं म्हणणं. काही शिक्षक बांधवांनाही ती आवडते, आणि त्यात गैर काही नाही. थकवा खरा आहे.

पण आवड वेगळी आणि हिशोब वेगळा. हा हिशोब आपल्या मुलांच्या बाजूने मांडला तर चार दिवसांची शाळा आपल्याला महागात पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते एकेक करून पाहू.

शारजाहमध्ये नेमकं काय झालं?

संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. 2022 च्या सुरुवातीपासून तिथल्या केंद्र सरकारने साडेचार दिवसांचा आठवडा केला. शुक्रवारी दुपारपर्यंत काम, मग जुमा, आणि शनिवार-रविवार सुट्टी. शारजाहने त्याच्या पुढे जाऊन शुक्रवारही पूर्ण बंद ठेवला. सरकारी कचेऱ्या चार दिवस सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन चालू लागल्या आणि शाळांनीही तेच वेळापत्रक धरलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दिवस कमी झाले, अभ्यासक्रम कमी झाला नाही. तिथल्या भारतीय शाळांतली मुलं सीबीएसईची तीच परीक्षा देतात, जी दिल्ली-मुंबईची मुलं देतात. म्हणून उरलेल्या चार दिवसांत शाळेची वेळ वाढवावी लागली. शिवाय शारजाहमध्ये राहून दुबईत नोकरी करणारे पालक पुष्कळ आहेत. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. म्हणजे मूल घरी आणि बाप कामावर. ज्या घरात आई घरी असते तिथे निभावतं. दोघं नोकरी करतात तिथे अडचण होते.

तरीही शारजाहला ते झेपलं, कारण अमिरात लहान आहे, शाळेची बस दारात येते आणि बहुतेक घरात पगार नियमित येतो. हे सगळं भिवंडीत, मुंब्र्यात, मालेगावात आहे का, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेचा अनुभव

चार दिवसांच्या शाळेचा सगळ्यात मोठा अनुभव अमेरिकेकडे आहे. कोलोरॅडो, ओक्लाहोमा, मिसूरी अशा राज्यांत, बहुतेक ग्रामीण भागात, 2023 पर्यंत सुमारे 900 शालेय जिल्ह्यांनी हा मार्ग धरला होता. आधी कारण होतं पैशांची बचत. पण शाळेचा मोठा खर्च पगारावर होतो आणि पगार काही कमी होत नाही, त्यामुळे बचत एक-दोन टक्क्यांच्या आसपासच राहिली. आता मुख्य कारण आहे शिक्षक मिळत नाहीत हे. पगार वाढवता येत नाही, म्हणून सुट्टी वाढवायची.

रँड या संशोधन संस्थेने 2021 मध्ये याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की बहुतेक पालक आणि मुलं यावर खूश आहेत, घरच्यांना एकमेकांसोबत वेळ मिळतो. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की काही वर्षांत या मुलांची अभ्यासातली प्रगती पाच दिवसवाल्या शाळांपेक्षा हळू होत गेली. ऑरेगन राज्यातल्या पॉल थॉम्पसन या अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासात गणित आणि वाचन दोन्हींत घट आढळली. मात्र जिथे शिकवण्याचे एकूण तास टिकवले, तिथे नुकसान कमी होतं. म्हणजे दिवसांपेक्षा तास जास्त महत्त्वाचे.

मिसूरीतल्या इंडिपेंडन्स या शहरात 2023 पासून सोमवारी शाळा बंद झाली. ज्यांना मुलांना घरी ठेवता येत नव्हतं, त्यांच्यासाठी शालेय जिल्ह्याने त्या दिवशी सांभाळण्याची सोय केली. तिचे दिवसाला 30 डॉलर घेतले. फुकट असलेला शाळेचा एक दिवस पालकांसाठी पैशाचा दिवस झाला. पुढे 2024 मध्ये मिसूरीने कायदा केला की मोठ्या शहरांतल्या शाळांना असा बदल करायचा तर लोकांचं मत घ्यावं लागेल.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

आता आपल्या घरचं गणित. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास शिकवणं बंधनकारक आहे.

वर्षात आठवडे 52. चार दिवसांच्या हिशोबाने 208 दिवस होतात. दिवाळी नाही, ईद नाही, मे महिना नाही, एकही सुट्टी न घेता 208. सहावी ते आठवीचे 220 दिवस त्यात बसतच नाहीत. पहिली ते पाचवीचे 200 बसवायचे तर वर्षभरात फक्त दोन आठवडे सुट्टी उरते. म्हणजे कायदा बदलल्याशिवाय ही गोष्ट होणं शक्य नाही.

पाच दिवसांच्या शाळेचंही असंच आहे. राज्य सरकारी कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, शाळांना मिळाला नाही. शिक्षक संघटनांची त्याबद्दलची नाराजी समजण्यासारखी आहे. पण सगळे शनिवार काढले की 261 दिवस उरतात. त्यातून उन्हाळा, दिवाळी, सणवार वजा केले की 220 चा आकडा गाठता येत नाही. मग मोठ्या सुट्ट्या कापाव्या लागतील.

समजा, उद्या कायदा बदलला आणि फक्त 1000 तासांची अट राहिली. वर्षाला 40 आठवडे, चार दिवसांचे 160 दिवस. रोज सव्वासहा तास नुसतं शिकवणं झालं. त्यात परिपाठ, मधली सुट्टी धरा, सात तासांच्या वर जातं. आपल्या कितीतरी उर्दू शाळा एकाच इमारतीत दोन पाळ्यांत चालतात. सकाळी मुली, दुपारी मुलं, किंवा सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. सात-सात तासांच्या दोन पाळ्या एका दिवसात बसवायच्या कशा? नवीन इमारती कोण बांधून देणार?

आपल्या मुलांचं काय होईल?

पहिली गोष्ट जेवणाची. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळेत दुपारचं शिजवलेलं जेवण मिळतं. नियमाप्रमाणे त्यात प्राथमिकच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं हवीत. शाळा बंद त्या दिवशी खिचडी बंद. रोजंदारीवर जाणाऱ्या आईसाठी ही छोटी गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट कामाची. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं पूर्ण बंद झालं, पण एक वाट उघडी राहिली. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल घरच्या धंद्यात मदत करू शकतं, काम धोकादायक नसलं म्हणजे झालं. घरातली जरीची कारागिरी, शिलाई, बापाचं दुकान, चुलत्याची गाडी. आज रविवारी मदत करणारा मुलगा उद्या शुक्रवार, शनिवार, रविवार तिथे बसेल. तीन दिवस हातात पैसे दिसू लागले की चौथा दिवसही जातो. मुलींचं काम तर कुणी मोजतही नाही. लहान भावंडं, भांडी, पाणी, आजारी दादी. सुट्टी मुलाला मिळते, मुलीची फक्त कामाची जागा बदलते.

तिसरी गोष्ट मुलींच्या येण्याजाण्याची. शाळेची वेळ वाढली तर डिसेंबरमध्ये मग़रिबच्या सुमाराला शाळा सुटेल. मोहल्ल्यापासून शाळा लांब असेल तर कितीतरी अब्बा सातवी-आठवीनंतर मुलीला घरी बसवतील. याला मागासलेपणा म्हणून हिणवणं सोपं आहे. पण रस्त्यावर दिवे नाहीत, बस वेळेवर नाही, हेही खरं आहे.

चौथी गोष्ट मकतबची. चार दिवसांच्या शाळेने दीनी तालीम वाढेल, असं वाटतं. होईल उलटंच. मकतब रोज चालतो, फजरनंतर किंवा असरनंतर. शाळा सात तासांची झाली की चार दिवस मकतबची वेळच उरणार नाही. हिफ्झ करणाऱ्या मुलाला सबक रोज लागतो, तीन दिवसांत उरकता येत नाही.

आणि जुमा? त्यासाठी चार दिवसांची शाळा लागत नाही. ज्या उर्दू शाळांत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, त्या रविवारी भरतात. बाकी ठिकाणी शुक्रवारी मधली सुट्टी पुढे-मागे करून नमाजची सोय करता येते. हा वेळापत्रकाचा विषय आहे, तो मुख्याध्यापकांशी बोलून सुटतो.

शाळा बंद राहिल्यावर काय होतं, हे आपण कोविडमध्ये पाहिलं. असर अहवालाप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5 टक्के राहिली. आणि आपली सुरुवातच मागून होती. सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवलं होतं की 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. ज्या घरात ट्यूशन आहे, पुस्तकं आहेत, शिकलेली अम्मी आहे, तिथलं मूल सुट्टीतही शिकतं. ज्या घरात यातलं काही नाही, त्या मुलासाठी शाळेचा दिवस हाच शिकण्याचा दिवस.

मग मागायचं काय?

मुलांवरचा ताण खरा आहे आणि शिक्षकांचाही. त्याचं उत्तर दिवस कमी करण्यात नाही, आहेत ते दिवस खरे करण्यात आहे. शनिवार आधीच अर्धा दिवस असतो. 2024 पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहे. तो नीट राबवला तर दप्तर घरी राहतं आणि मूल शाळेत राहतं.

खरी गळती दुसरीकडे आहे. कागदावर शाळा सहा दिवस असते, पण शिक्षक मतदार यादीच्या कामावर, सर्वेक्षणावर, ऑनलाइन माहिती भरण्यावर असतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच कामांना परवानगी देतं. जनगणनेचं काम तर यायचंच आहे. ज्या शाळेत तीनच शिक्षक आहेत आणि त्यातला एक बाहेर आहे, तिथे दोन वर्ग एकत्र बसतात. अशी शाळा चार दिवसांची कधीच झाली आहे, फक्त जाहीर झालेली नाही. त्यात रिक्त जागा धरा. उर्दू माध्यमाला विषयशिक्षक नाही म्हणून गणित-विज्ञान मागे पडतं, ते सुट्टी वाढवून भरून निघणार नाही.

यात पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पण आपल्याकडे बैठकीला फक्त सही करायला जाणारे जास्त. पुढच्या बैठकीला तीन प्रश्न घेऊन जा. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती दिवस वर्ग झाले? आमच्या मुलांचे शिक्षक किती दिवस दुसऱ्या कामावर होते? रिक्त जागेची मागणी शिक्षणाधिकाऱ्यांकडे कधी पाठवली? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. अम्मी-बहिणींनी तर जावंच, कारण मुलं घरी बसली तर तो दिवस त्यांनाच सांभाळावा लागणार आहे.