झडतीचा क्लास

मार्च संपत आला की तालुक्याच्या गावांत विजेच्या खांबांवर फलक चढतात. ‘उन्हाळी छंदवर्ग, प्रवेश सुरू’. खाली यादी : चित्रकला, तबला, हार्मोनियम, कथ्थक, सुंदर हस्ताक्षर, वेस्टर्न डान्स. आमचं अंजनगाव सुर्जीही त्याला अपवाद नाही. हे फलक मला आवडतात. वऱ्हाडातल्या उन्हात पोट्टे मोबाइल बाजूला ठेवून दोन तास सतरंजीवर बसतात, ही काही लहान गोष्ट नाही. तक्रार एवढीच, की ही यादी अंजनगावची आहे हे ओळखायला त्यात एकही खूण नसते. तीच यादी लातूरला लावा, पनवेलला लावा. फोन नंबर तेवढा बदलावा लागेल.

गावात वारसा केंद्र असावं, तिथं कलांचे वर्ग भरावेत, कार्यक्रम व्हावेत, असं बोलणं हल्ली सगळीकडेच निघतं. निघालं की पाच मिनिटांत ते सभागृह, स्टेज, खुर्च्या आणि उद्घाटनाला कोण येणार यावर जातं. तिथं काय शिकवायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण उत्तर खांबावर लटकलेलंच असतं.

तर आधी आपल्याकडे आहे काय, ते बघू. शहानूर नदीच्या एका अंगाला अंजनगाव, दुसऱ्या अंगाला सुर्जी. इतिहासाच्या पुस्तकात गावाचं नाव आहे ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. असईला हरल्यावर नोव्हेंबरअखेरीस अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि महिना संपता संपता दौलतराव शिंद्यांचा तह इथं झाला. दुआबातला मुलूख, भडोच, अहमदनगरचा किल्ला, सगळं कंपनीकडे गेलं. तह करून घेणारा आर्थर वेलस्ली पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगभर ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. तहात आपण हरलो, म्हणून तो दिवस कुणी साजरा करत नाही, हे ठीकच. पण शाळेतल्या पोरांनी त्या दिवशी नकाशा काढायला काय हरकत आहे? असई ते अडगाव, अडगाव ते गाविलगड, गाविलगड ते आपलं गाव. इतिहास आणि चित्रकला, दोन्ही तास एकदम होतात.

त्या तहाच्या वेळी सुर्जीचे देवनाथ महाराज पन्नाशीला टेकले होते. १७५४ ते १८२१ हा त्यांचा काळ. नाथ परंपरेतले, कीर्तनकार आणि कवी. त्यांचा मठ आजही सुर्जीत आहे. देवनाथांची पदं आणि कटाव प्रसिद्ध आहेत. कटाव म्हणजे दमाची परीक्षा : अनुप्रासांची लांबच लांब माळ, एका लयीत, मध्ये न अडखळता म्हणायची. जीभ वळली पाहिजे, श्वास पुरला पाहिजे आणि अर्थही ऐकणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. आज पोरांना रॅपची भुरळ पडते. त्यांच्यापुढं एकदा कटाव ठेवून बघा. जिभेची कसरत म्हणून तरी ते त्यावर तुटून पडतील, भक्तीचं पुढं बघता येईल. (हे वाचून काही जाणती मंडळी नाराज होतील. होवोत.)

आणि याच तालुक्यात शेंडगाव आहे. २३ फेब्रुवारी १८७६ ला गाडगेबाबांचा जन्म झाला तो इथला. बाबांचं कीर्तन ही वेगळीच कला. पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी नाही, पोथी नाही. वऱ्हाडी बोलीत समोरच्याला प्रश्न टाकायचा, उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं आणि त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. त्यानंतर दीड महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. नाट्यशिबिरात संवादफेक शिकवायला बाहेरून तज्ज्ञ बोलावतात. त्या तज्ज्ञांनी येताना ते ध्वनिमुद्रण ऐकून यावं, एवढी अट घालायला हरकत नाही. कुठं थांबायचं, हशा कसा पिकवायचा आणि त्याच हशात कानाखाली कशी द्यायची, हे सगळं त्यात आहे.

पण तह, मठ आणि बाबा ही झाली मोठी नावं. त्यांचं कुणीतरी काहीतरी करतंच. मला काळजी आहे ती बिननावाच्या गोष्टींची.

पोळ्याची झडती घ्या. तोरणाखाली बैल उभे राहतात, ताशा थांबतो आणि कुणीतरी घसा खाकरून झडती टाकतो. यमकात, ठेक्यात, माइकशिवाय. पूर्वी सावकार आणि पाटील हे ठरलेले गिऱ्हाईक. आता कापसाचा भाव, सोयाबीनचं पीक, विजेचं बिल, पुढारी. एकाची झडती संपते न संपते तोच समोरून दुसरा उत्तर देतो. पाठांतर लागतं, तसंच ऐनवेळी जोडायचं डोकंही लागतं. हे आजवर कुणी कुणाला शिकवलं नाही; दरवर्षी ऐकून ऐकून पोरं उचलत गेली. आता ट्रॅक्टर आले, बैल उणे झाले, तोरणाखालची गर्दी पातळ झाली. ऐकायलाच मिळालं नाही तर उचलणार कुठून?

भुलाबाईचंही तेच. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरींचा घोळका टिपऱ्या घेऊन घरोघर फिरायचा. भुलाबाई, भुलोबा आणि मांडीवर गणपती. मातीची मूर्ती, पाचेक गाणी आणि शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायचा खेळ : आंबट की गोड, कुरकुरीत की मऊ. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. गाण्यांत सासर, माहेर, नणंद, दागिने. घरातल्या बायांची अख्खी तक्रारवही त्यात असते, आणि ती आठ वर्षांची पोरगी अर्थ न कळता खणखणीत आवाजात म्हणत असते. आज संध्याकाळची ती वेळ ट्यूशनची आहे. भुलाबाईवर कुणाचा राग नाही हो. तिला फक्त वेळ मिळत नाही.

शेजारच्या एका आजीला मी म्हटलं, तुम्ही उन्हाळ्यात पोरींना ही गाणी शिकवा. आजी हसल्या. “शिकवाले काय लागते त्याच्यात? आमी कोनापाशी शिकलो? पोरी जमल्या का येते.” मग माझी भाची सहज एक गाणं गुणगुणू लागली, तर त्याच आजींनी तिला तिथंच थांबवलं. टिपरी चुकीच्या जागी पडत होती. हात धरून दाखवलं, पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा थांबवलं. याला क्लास नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं, मला ठाऊक नाही.

तबला-पेटीच्या वर्गांना मी नावं ठेवत नाही. उलट त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढं त्यातून परीक्षांची पद्धत उभी राहिली, आणि आज लहान गावातली मुलगीसुद्धा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायरी पायरीनं चढते. तारीख ठरलेली असते म्हणून रियाज होतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा नसत्या तर वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे शब्द तरी गावात पोचले असते का? मात्र चित्रकलेच्या वर्गात एक गोष्ट बघून मी दर वेळी चक्रावतो. निसर्गचित्र काढा म्हटलं की पोरं दोन टोकदार डोंगर, मधून सूर्य आणि अलीकडे नारळाची झाडं काढतात. अरे बाप्पा, उत्तरेला मान वळवा! सातपुडा दिसतो, माथ्यावर सपाट, लांबलचक, उन्हाळ्यात राखाडी आणि पावसाळ्यात काळानिळा. नारळाऐवजी पानमळा काढा. विड्याच्या पानाचा वेल शेवरीवर कसा चढतो, पानपिंपळी कुठं धरते, पानाचं देठ कुठं वळतं, हे बारी समाजाच्या मळ्यात अर्धा दिवस बसल्याशिवाय काढता येणार नाही. वस्तुचित्राला प्लॅस्टिकची बादली ठेवण्यापेक्षा पानांची करंडी ठेवायला कोणत्या नियमाची आडकाठी आहे?

आपल्याच जिल्ह्यात हे लोकांनी करून दाखवलेलं आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९१४ पासून देशी खेळांना आखाड्यातून वर्गात आणलं, आणि १९३६ मध्ये त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं प्रात्यक्षिकं करून आलं. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली आणि गावोगाव भजनी मंडळं उभी राहिली. खंजिरीचा कोर्स कुणी काढला नव्हता. भजन होणार हे ठरलेलं असायचं, म्हणून वाजवणारा तयार व्हायचा. म्हणून माझं म्हणणं असं, की वारसा केंद्रानं आधी कार्यक्रमांच्या तारखा बांधाव्यात आणि वर्ग त्यांच्या मागं लावावेत. श्रावणात झडतीचा, कारण पोळा येतोय. गणपती बसले की भुलाबाईचा, कारण पुनव येतेय. दिवाळीनंतर कीर्तनाचा आणि नकाशांचा, कारण डिसेंबरात गाविलगड, गाडगेबाबा आणि तह, तिन्ही पंधरा दिवसांत येतात. वर्गाचा शेवट स्नेहसंमेलनात टाळ्या घेऊन होऊ नये. झडती तोरणाखालीच झाली पाहिजे, चुकली तर तिथं समोरचा गडी सोडत नाही.

जागेचं म्हणाल तर मला एक वेडी कल्पना सुचते. मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद रुळांच्या मार्गावर अंजनगाव हे स्टेशन. त्यावरची शकुंतला ही गाडी बंद पडली. तिचं वाफेचं इंजिन, १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं, ते तर १९९४ मध्येच डिझेलला जागा देऊन मोकळं झालं होतं. गाडी परत यावी ही मागणी आहेच, माझीही आहे. तोवर फलाटावर वर्ग भरवायची परवानगी मागून बघावी. रुंद रुळांची गाडी आली तर वर्ग उठवू, आनंदानं उठवू. परवानगी मिळणार नाही, हेही मला कळतं. शाळेचा व्हरांडा आहे, मठ-मंदिरांचे सभामंडप आहेत, पारही आहे. झडतीला छप्पर लागत नाही.

लागतो तो पैसा, आणि इथं आपली मंडळी हमखास कच खातात. तबल्याच्या सरांना मानधन द्यायचं हे कुणालाही पटतं. भुलाबाईच्या आजींना मात्र साडी-नारळ आणि टाळ्या. झडती टाकणाऱ्या म्हाताऱ्याला तर तेही नाही, चहा पाजला की झालं. ते चालणार नाही. तासाला सरांना जे द्याल तेच आजींना द्या, आणि रजिस्टरवर त्यांची सही घ्या. सही येत नसेल तर अंगठा घ्या, पण रक्कम तीच ठेवा. ही ओळ ठरावात आधी घाला, मग सभागृहाच्या खुर्च्या कोणत्या रंगाच्या घ्यायच्या त्यावर खुशाल भांडा.