संक्रांत, उंधियु आणि ४२ किलोमीटर

येत्या रविवारी, १८ जानेवारी २०२६ रोजी, मुंबई मॅरेथॉन आहे. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीत आता सर्व गट मिळून ६० हजारांहून अधिक लोक उतरतात. वडोदऱ्यातूनही दरवर्षी बरीच मंडळी जातात आणि त्यांत आपली मराठी घरे असतातच. या मजकुरात लिहिले आहे ते धावणाऱ्यांइतकेच त्यांच्या घरच्यांसाठीही आहे.

ही शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. तिसरा रविवार १५ ते २१ या तारखांतच येऊ शकतो. त्यामुळे आपले उत्तरायण दरवर्षी नेमके शर्यतीच्या शेवटच्या आठवड्यात सापडते. मुंबईकराची संक्रांत तिळगूळ वाटून संध्याकाळी संपते. आपली मात्र मंगळवारी भोगी, बुधवारी संक्रांत आणि गुरुवारी वासी उत्तरायण अशी तीन दिवस चालते. त्यातले दोन दिवस गच्चीवरच जातात.

आता या आठवड्यात तयारी वाढत नाही. आज घेतलेल्या मेहनतीचा फायदा शरीराला साधारण दहा-बारा दिवसांनी मिळतो, थकवा मात्र आजच येतो. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर जवळपास निम्म्यावर आणायचे आणि थोडे वेगाचे धावणे तेवढे चालू ठेवायचे, अशी रीत आहे. या आठवड्यात कमावण्यासारखे काही नाही, गमावण्यासारखे पुष्कळ आहे. धावणे कमी झाले की पाय शिवशिवतात, माणूस अस्वस्थ होतो आणि मग ती सगळी ऊर्जा पतंगावर खर्च होते. दोन दिवस उन्हात, मान वर करून, तापलेल्या गच्चीवर उभे राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. पतंग अवश्य उडवा, पण तासाभराने खाली या. फिरकी धरायला घरात दुसरे कोणी असतेच.

खरा प्रश्न जेवणाचा आहे. शर्यतीच्या आधीचे दीड-दोन दिवस स्नायूंत साखरेचा साठा भरायचा असतो आणि त्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ८ ते १२ ग्रॅम कर्बोदके सांगितली जातात. ६० किलोच्या माणसाला हे सुमारे ५०० ते ७०० ग्रॅम होतात. एका पोळीत जेमतेम १५-२० ग्रॅम असतात, यावरून भार किती ते लक्षात येईल. एवढे पोटात घालायचे तर ते हलके, कमी तेलाचे आणि कमी चोथ्याचे हवे: मऊ भात, पातळ वरण, बटाटा, केळे, साखर घातलेले सरबत. आपल्या सणाचे ताट नेमके उलट असते. भोगीच्या भाजीत पावटे, हरभरे, वांगी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. उंधियुत पापडी, कंद आणि वर तरंगणारे तेल. (यंदा संक्रांतीलाच षट्‌तिला एकादशी आली आहे, त्यामुळे साबुदाण्याची खिचडीही असेल. ती चालेल, पण दाण्याचे कूट आणि तूप बेताने घाला.) बुधवारी थोडे उंधियु खाल्ले तर बिघडत नाही. शुक्रवारी उरलेले गरम करून कोणी आग्रहाने वाढले तर मात्र नको म्हणा. आणि घरच्यांनी ते ‘नको’ मनाला लावून घेऊ नये.

मुंबईत पोचल्यावर दुसरी अडचण सुरू होते. छातीवर लावायचा क्रमांक स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून, शनिवारपर्यंतच घ्यावा लागतो. शर्यतीच्या दिवशी तो मिळत नाही. बाहेरगावच्या माणसाला हा नियम जाचक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. दुसऱ्याचा क्रमांक लावून धावणारा कोसळला तर डॉक्टरांच्या हाती भलत्याच माणसाची माहिती पडते. तरीही त्याची किंमत बाहेरचाच मोजतो. शनिवारी सकाळी गाडीने निघायचे, वाटप केंद्रावर रांगेत उभे राहायचे, मग डोंबिवलीच्या मावशीकडे जेवायला जायचे आणि पहाटे पाचच्या शर्यतीसाठी दोनला उठून सीएसएमटी गाठायचे, हा बेत पायांचा घात करतो. जमल्यास शुक्रवारीच जा आणि रात्रीचा मुक्काम दक्षिण मुंबईत किंवा दादरच्या आसपास ठेवा. मावशीकडे रविवारी दुपारी जा, तेव्हा भूकही चांगली लागलेली असेल.

हवेचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. कमाटीबागेत जानेवारीच्या कोरड्या, थंड पहाटे जो वेग सहज जमतो, तो मुंबईच्या दमट हवेत जमत नाही. उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि ते आता हातात नाहीत. म्हणून ठरवलेला वेगच कमी करा. नाहीतर परतीच्या वाटेवर, ३५ किलोमीटरच्या आसपास, पेडर रोडचा चढ त्याचा हिशेब मागतो, आणि तोवर ऊनही आलेले असते.

उकाड्याच्या धास्तीने सतत पाणी पिणेही घातक आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांत सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेले आढळले. चार तासांहून जास्त वेळ घेणारे आणि वाटेत भरपूर पाणी पिणारे त्यांत अधिक होते. तहान लागेल तसे प्या. आणि गुडघा दुखेल म्हणून आदल्या रात्री वेदनाशामक गोळी घेऊ नका. दमलेल्या, घामाने सुकलेल्या शरीरात ती मूत्रपिंडांवर ताण आणते.

शेवटची गोष्ट घरच्यांच्या हातात आहे. याच मुंबई मॅरेथॉनमध्ये २०२० साली ६४ वर्षांच्या एका धावपटूचा हृदयविकाराने मृत्यू झाला. असे प्रसंग विरळा असतात. पण आठवड्यात ताप आला असेल, छातीत दडपण किंवा जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवत असेल, तर शर्यत सोडून डॉक्टरांकडे जायचे. प्रवेशशुल्क परत मिळत नाही, क्रमांक दुसऱ्याला देता येत नाही, सहा महिन्यांची मेहनत समोर दिसत असते. त्यामुळे धावणारा स्वतःहून थांबत नाही. त्याला थांबवायचे काम घरातल्या कोणालातरी करावे लागते, आणि त्यासाठी शनिवारी रात्री मुंबईला फोन करून तब्येत नीट विचारावी लागते.