सावली कोणी द्यायची?

समुद्रकिनारी जाणाऱ्या गरोदर बाईने कोणती काळजी घ्यावी, याची यादी अलीकडे पुरवण्यांतून, दवाखान्यांच्या भिंतींवरून, मोबाइलवरून सगळीकडे फिरते आहे. भर दुपारच्या उन्हात जाऊ नका. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. सैल सुती कपडे घाला, डोके झाका. ओल्या वाळूवर सावकाश चाला, घसरून पडणार नाही हे बघा. शांत पाण्यात, सोबतीनेच उतरा. जवळ संडास कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. चक्कर आली, पोट आवळून आले, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

यादी बरोबर आहे. गरोदरपणी शरीरातले रक्त वाढलेले असते, हृदयाला जास्त काम पडते, अंगातली उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. पाणी कमी पडले तर चक्कर येते आणि गर्भाशय अवेळी आवळू लागू शकते. अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, कमी वजनाचे मूल, पोटातच मूल दगावणे यांचा अति उष्णतेशी संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी २०२३ मध्ये एकत्र येऊन याबद्दल सरकारांना बजावले आहे. त्याच आरोग्य संघटनेने २०२० मध्ये असेही सांगितले की, काही अडचण नसेल तर गरोदर बाईने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, मात्र अति उन्हात नव्हे आणि भरपूर पाणी पिऊन. म्हणजे गरोदर बाईने गादीवर पडून राहावे असे विज्ञान म्हणत नाही. हिंडावे, फिरावे, पोहावे.

मग माझा राग कशावर आहे? ही सगळी वाक्ये कोणाला उद्देशून लिहिली आहेत, यावर आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. ऊन मात्र भरपूर आहे. मी भूम, परंडा, कळंब, वाशी या तालुक्यांत बायकांच्या बैठका घेते. तिथे ही यादी मी मुद्दाम वाचून दाखवते आणि प्रत्येक ओळीवर थांबते. दुपारच्या उन्हात जाऊ नका. खुरपणीची वेळ कोण ठरवते? शेताचा मालक. पाणी प्या. फडात पाणी कुठे असते? सकाळी कोपीवरून भरून आणलेल्या कॅनमध्ये, आणि ते दुपारपर्यंत संपते. संडास बघून ठेवा. उसाच्या फडात आडोसा म्हणजे ऊसच, आणि तोही तोडला जात असतो. म्हणून बायका पाणीच कमी पितात, लघवी दाबून धरतात. लघवीच्या जंतुसंसर्गाची भीती गरोदरपणी मुळातच जास्त असते आणि त्याने बाळंतपण अवेळी होऊ शकते, हे आम्ही शिबिरात शिकवतो. पण दाबून धरू नका म्हणताना जायचे कुठे ते सांगत नाही. घसरू नका. पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला हे सांगायचे? थांबा. थांबली की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीच्या कर्जात मिळवले जातात.

अशाच एका बैठकीत एक सातवा महिना लागलेली बाई मला म्हणाली, "बाई, तुमचं समदं खरंय. पर ह्ये आमाला कशाला सांगायलाव? मुकादमाला सांगा की."

मैत्रिणींनो, या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. सल्ला योग्य आहे, पत्ता चुकला आहे. काळजी घ्या, असे ज्या बाईला सांगितले जाते, तिच्या हातात वेळ नाही, पाणी नाही, सावली नाही. ज्याच्या हातात ते आहे त्याला कोणी काही सांगत नाही. आणि काही विपरीत घडले की दोषही तिच्याच माथी: काळजी घेतली नाही हो हिने!

यात समुद्र असण्या-नसण्यानेही फारसा फरक पडत नाही. कोकणात किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी, मासळीची पाटी उचलणारी कोळीण गरोदर असली तर तीही भर उन्हातच असते. तिच्यासाठी किनारा म्हणजे कामाची जागा. किनारा सहलीचा की मजुरीचा, हे वाळूवरून ठरत नाही. त्या बाईला हवे तेव्हा उठून सावलीत जाता येते की नाही, यावरून ठरते.

व्यायाम आणि श्रम यांतला फरकही हाच आहे. "आमच्या बायका मुळातच कामाच्या, त्यांना कसला आलाय व्यायाम?" हे वाक्य मी गावच्या पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही. व्यायाम आपण सुरू करतो, दमलो की थांबवतो. मजुरी दुसरा सुरू करतो आणि दुसराच थांबवतो. शिवाय मजुरीच्या आधी पाणी भरणे आणि चूल, मजुरी झाल्यावर पुन्हा पाणी भरणे आणि चूल. बारा-पंधरा लिटरची घागर म्हणजे तेवढेच किलो वजन, आणि अशा खेपा किती! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी असलेल्या बाईचे असे राबणे आरोग्याला पोषक म्हणायचे आणि शहरातल्या बाईला मात्र पायऱ्या जपून चढायला सांगायचे, हा कुठला न्याय?

"आम्ही फडातच बाळंत झालो, काय झालं आम्हाला?" असे म्हाताऱ्या बाया म्हणतात. त्यांच्या धीराला माझा नमस्कार. पण असे सांगायला ज्या जगल्या त्याच उरतात. ज्या गेल्या, ज्यांची मुले गेली, त्या बैठकीला येत नाहीत. आणि शरीर मोडले की त्याची किंमत कशी वसूल होते ते आपण शेजारच्या बीड जिल्ह्यात पाहिले. २०१९ मध्ये तिथे सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीचा आणि दुखण्याचा खाडा जिथे परवडत नाही, तिथे गरोदरपणाचा कसा परवडेल?

कायदे नाहीत असे नाही. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, पण कारखान्यातल्या कामगार बायकांपुरता. तेव्हा आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे निजाम गेला, महाराष्ट्र झाला, १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. बाळंतपणाच्या आधीच्या काळात बाईने मागणी केली तर तिला कष्टाचे काम देऊ नये, असेही त्यात होते. या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नावही बदलले. पण शेतात राबणारी बाई कायद्याच्या बाहेर उभी होती, ती तिथेच आहे. साखर कारखान्याच्या कचेरीत टंकलेखन करणारीला रजा मिळते. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारीला मिळत नाही, कारण कारखाना म्हणतो, ती आमची नव्हे, मुकादमाची. आणि मुकादमाच्या वहीत तर ती एक पुरी माणूसही नाही. नवराबायको मिळून एक कोयता. अर्धा कोयता बाळंतपणाची रजा मागणार कशी?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीतल्या बायका सोडून प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती, ५,००० रुपयांची. २०२२ पासून दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,००० रुपये. 'प्रत्येक' या शब्दाचे काय झाले, हे विचारायला नको? रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामावर पिण्याचे पाणी, विसाव्याला आणि मुलांना सावली, प्रथमोपचाराची पेटी द्यायची असे लिहिले होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांपासून हीच मागणी चालत आलेली. कागदावर सावली कितीदा पडली, जमिनीवर किती वेळा, ते कामावर गेलेल्या बाईला विचारा.

आता काही मैत्रिणी म्हणतील, भाकरीची भ्रांत असलेल्या बाईसाठी समुद्राचे काय घेऊन बसलीस? ती चैन आहे. मला हे पटत नाही. आमच्या गावांत पाठीला डबा किंवा भोपळा बांधून पोरे विहिरीत पोहायला शिकतात, पोरी काठावर धुणे धुतात. बाईने पाणी शेंदायचे, वाहायचे, पुरवायचे, पण पाण्यात तरंगायचे नाही. गरोदरपणी पाणी देहाचा भार उचलते, कंबर आणि पाय हलके होतात, म्हणून डॉक्टर पोहणे चांगले म्हणतात. जिचे अंग सर्वांत जास्त दुखते तिलाच ते सुख माहीत नाही. मध्यमवर्गातल्या सुनेला वेगळ्या रीतीने अडवतात: ग्रहण आहे, बाहेर पडू नको, लोक काय म्हणतील, पोट घेऊन पाण्यात उतरू नको. एकीला काम थांबवू देत नाहीत, दुसरीला उंबरठा ओलांडू देत नाहीत. दोघींच्या देहाचा निर्णय दुसराच घेतो. कोल्हापूर-सांगलीच्या फडात सहा-सहा महिने राहणाऱ्या आमच्या बायकांना समुद्र घाटाखाली आहे एवढेच ऐकून ठाऊक असते. २०२३ पासून बायकांना एस.टी.चे अर्धे तिकीट आहे. तिकिटाचा प्रश्न अर्धा सुटला, मोकळ्या दिवसाचा सुटला नाही. विसावा हा भाकरीनंतरचा प्रश्न नाही. गरोदर बाईसाठी तो भाकरीइतकाच जिवाचा आहे.

म्हणून मागण्या अशा. उन्हाळ्यात दुपारी काम बंद, मजुरी न कापता. काम सुरू होण्याआधी फडात आणि सरकारी कामावर पाणी, सावली, बायकांसाठी संडास. फडातला खर्च कारखान्याचा. साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यातल्या करारात बाळंतपणाची पगारी रजा, आणि गरोदर बाईचा खाडा कायमचा बंद. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवसाची मजुरी बुडू नये. अन्नसुरक्षा कायद्यातले पैसे प्रत्येक बाळंतपणाला, ती ज्या गावात कामाला असेल तिथे मिळावेत.

आणि एक काम सरकारची वाट न पाहता करता येईल. हंगामाचे ट्रक भरण्याआधी मुकादम उचल वाटायला गावात येतो. त्या दिवशी चावडीवर बायकांनी सगळ्यांसमोर त्याला चार प्रश्न विचारावेत. पाणी कुठे? सावली कुठे? संडास कुठे? पोटुशी बाई बसून राहिली तर खाडा धरणार का? जी उत्तरे येतील ती उचलीच्याच कागदावर लिहून घ्यावीत, आणि त्याची सही झाल्याशिवाय नवऱ्यांना अंगठा उठवू देऊ नये.