दयेशिवाय पाहिलेली माणसं

कष्टकऱ्याचं चित्र म्हटलं की दोन साचे चटकन डोळ्यांपुढे येतात. एक पोस्टरवरचा, मूठ वळून छाती पुढे काढलेला कामगार आणि दुसरा खोल गेलेल्या डोळ्यांचा, हात पसरलेला गरीब. पहिल्याला पाहून स्फुरण चढतं, दुसऱ्याला पाहून गहिवरून येतं. खुद्द त्या माणसाकडे पाहायचं मात्र दोन्हींत राहूनच जातं. सुधीर पटवर्धन यांनी हे दोन्ही साचे नाकारले आणि जवळजवळ पाच दशकं मुंबई-ठाण्याची माणसं रंगवली. माणसाचा मान राखायला त्याची कीव करावी लागत नाही की त्याला देव्हाऱ्यातही बसवावं लागत नाही, त्याच्याकडे पुरेसा वेळ नीट पाहावं लागतं, हे त्यांच्या चित्रांनी सिद्ध केलं आहे. या कामगिरीची जेवढी चर्चा मराठीत व्हायला हवी होती, तेवढी झालेली नाही.

पटवर्धनांचा जन्म 1949 चा, पुण्यातला. तिथल्याच सशस्त्र सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते 1972 मध्ये डॉक्टर झाले आणि पुढे 1975 पासून 2005 पर्यंत त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय केला. कलाशाळेचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नाही. एक्स-रे पाहणारा डॉक्टर, म्हणून त्यांची चित्रंही माणसाच्या आतलं दाखवतात, असं म्हणायचा मोह कुणालाही होईल. मला ते पटत नाही. एक्स-रेच्या फिल्मवर माणसाचं सगळं ओळखीचं गळून पडतं. त्याचे कपडे, कातडीचा रंग, कामधंदा, तो राहतो ती गल्ली, यातलं तिथे काहीच उरत नाही. पटवर्धनांच्या कॅनव्हासवर नेमकं हेच सगळं परत येतं. वैद्यकीनं त्यांना दिलं असेल तर ते देहाचं भान, म्हणजे देहाला वजन असतं, तो थकतो, झिजतो आणि तरीही उभा राहतो, ही जाण. सत्तरच्या दशकात त्यांनी सिलिंडर वाहणारा माणूस रंगवला, 1977 मध्ये ‘इराणी रेस्टॉरंट’ आणि 1980 मध्ये ‘ट्रेन’. त्यांतली माणसं भरीव आहेत, जागा व्यापून आहेत. ती आपल्याकडे काही मागत नाहीत, आपल्या सहानुभूतीची वाटही पाहत नाहीत.

त्या काळात हे सोपं नव्हतं. मुंबईच्या कलादालनांत अमूर्त चित्रकलेला मोठी प्रतिष्ठा होती आणि माणसं रंगवणं अनेकांना जुनाट वाटत होतं. 1981 मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई आणि दिल्लीत भरलं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्यासोबत पटवर्धन त्यात होते. चित्रात माणसाला आणि त्याच्या भवतालाला जागा हवी, ही त्या प्रदर्शनामागची भूमिका. पटवर्धनांचा ओढा मार्क्सवादी विचारांकडे होता. अशा चित्रकाराच्या हातून घोषणा उतरणं सहज शक्य होतं. पण त्यांनी सिद्धान्तापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवला, आणि माझ्या लेखी त्यांच्या चित्रांची राजकीय ताकदही त्यातच आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मध्यमवर्गातल्या डॉक्टरने श्रमिकांना रंगवावं आणि ती चित्रं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लागावीत, यात त्या श्रमिकाच्या वाट्याला काय आलं? प्रश्न खरा आहे. मात्र त्याचा पहिला भाग पटवर्धनांनी लपवलेला नाही. ते ‘त्यांच्या वतीने’ बोलण्याचा आव आणत नाहीत. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातलं अंतर त्यांच्या चित्रांत शाबूत राहतं आणि ते आपल्याला अस्वस्थ करतं. परक्याने परक्याला रंगवूच नये असं ठरवलं, तर उरतील ती फक्त आत्मचित्रं. मग शहरात रोज एकमेकांना खेटून प्रवास करणाऱ्या अनोळखी लोकांच्या नात्याबद्दल चित्रकलेने गप्पच बसायचं का? आक्षेपाचा दुसरा भाग बाजाराचा आहे. त्याचं उत्तर चित्रकाराने चित्र न काढणं हे नसून समाजाने ते चित्र सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी ठेवणं हे आहे. पटवर्धनांनी स्वतः समकालीन चित्रांची फिरती प्रदर्शनं महाराष्ट्रातल्या शहरांत नेण्यासाठी कष्ट घेतले. राष्ट्रीय आधुनिक कला दालनाने 2019 मध्ये मुंबईत त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं, तेही चांगलंच झालं. पण जिल्ह्याच्या गावात अशी चित्रं कायमची पाहता येतील अशी दालनं आपल्याकडे किती आहेत?

आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग हे सगळं हाताने कशाला रंगवायचं, असंही विचारलं जाईल. त्यांचं 2001 चं ‘लोअर परळ’ पाहावं. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव एका दिवसात मोडलं नाही, ते वर्षानुवर्षं मोडत गेलं. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढले आणि चाळीतली माणसं उपनगरांकडे सरकली. छायाचित्र त्यातला एक क्षण टिपतं. पटवर्धन मात्र वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेले तुकडे एका कॅनव्हासवर जुळवतात. त्यामुळे जाणारं शहर आणि येणारं शहर तिथे शेजारी-शेजारी उभं राहतं आणि माणसं त्या दोन्हींच्या मधून आपापल्या कामाला चाललेली दिसतात.